वारीचे फोटो, दोन कार्डे आणि एकच फोल्डर

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे आहे. त्यांचे नाव येथे देत नाही. मी त्यांना काका म्हणतो आणि या लेखातही तेच संबोधन ठेवतो. निवृत्तीनंतर काका दरवर्षी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत एका दिंडीतून चालतात आणि वाटेत फोटो काढतात. हे फोटो पुढे दिंडीच्या छोट्या स्मरणिकेत छापले जातात. त्यामुळे ते हरवले तर नुकसान एका घरापुरते राहत नाही.

त्यांच्याकडे मध्यम किमतीचा, वाय-फाय नसलेला एक जुना डीएसएलआर कॅमेरा आहे. प्रत्येक छायाचित्र ते जेपीईजी (नेहमीची, आकाराने लहान फाइल) आणि रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) अशा दोन्ही रूपांत साठवतात. दोन्ही फायली मिळून एका फोटोला साधारण ३२ एमबी लागतात. त्या वर्षी त्यांच्याजवळ दोन मेमरी कार्डे होती. एक जुने ३२ जीबीचे, ज्याला पुढे ‘अ’ म्हणू, आणि एक नुकतेच विकत घेतलेले ६४ जीबीचे, ज्याला ‘ब’ म्हणू. घरातील लॅपटॉप २०१० च्या सुमाराचा, विंडोज ७ वर चालणारा होता. त्याच्या कडेला कार्ड घालायची खाच होती आणि ती आजवर विनातक्रार चालत आली होती.

आळंदी, पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरी, नीरास्नान आणि चांदोबाच्या लिंबापाशी झालेले उभे रिंगण असे ८२० फोटो काकांनी ‘अ’ कार्डावर काढले. फलटणच्या मुक्कामी त्यांचा मुलगा लॅपटॉप घेऊन भेटायला आला. त्याने कार्ड खाचेत घातले, सगळ्या फायली निवडून डेस्कटॉपवरच्या ‘वारी’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकल्या, त्यातले नऊ फोटो घरच्या व्हॉट्सअॅप गटावर पाठवले आणि कार्ड परत दिले. काकांनी ते कॅमेऱ्यात घालून तेथेच फॉरमॅट केले व शर्टाच्या खिशात ठेवले. पुढचा प्रवास ‘ब’ कार्डावर झाला आणि त्यावर १,१०० फोटो निघाले. पंढरपुरात एकादशीच्या गर्दीत कॅमेराच मारला गेला तर निदान वाटेतले फोटो तरी वाचावेत, या विचाराने काकांनी ‘ब’ कार्ड मुक्कामाच्या खोलीत ठेवले आणि रिकामे झालेले ‘अ’ पुन्हा कॅमेऱ्यात घालून त्यावर १४० फोटो काढले. हा शेवटचा निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच होता, पण पुढे तोच सर्वांत महाग पडला.

पहिली अडचण

घरी परतल्यावर मुलाने ‘ब’ कार्ड लॅपटॉपच्या खाचेत घातले, तेव्हा पडद्यावर संदेश आला की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणे होती, एक फॉरमॅटचे आणि दुसरे रद्द करण्याचे. शेजारचा एक कॉलेजात जाणारा मुलगा तेथे होता. त्याच्या मते कार्ड खराब झाले होते आणि फॉरमॅट केल्याशिवाय ते उघडणार नव्हते. काकूंनी मध्ये पडून मला फोन लावायला सांगितला.

मी पहिली गोष्ट सांगितली ती ही की रद्द करा, कार्ड बाहेर काढा आणि त्याच्या कडेची छोटी पट्टी सरकवून ते ‘लॉक’ करा. ही पट्टी पाळायची की नाही हे खरे तर कार्ड ठरवत नाही, वाचणारे यंत्र ठरवते. तरीही चुकून बटण दाबले जाण्यापासून तेवढाच आडोसा. मग कार्ड कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतात का ते पाहायला सांगितले. अकराशेच्या अकराशे फोटो दिसत होते.

येथेच निदान झाले. कार्ड खराब असते तर ते कॅमेऱ्यातही कुरकुरले असते. २ जीबीच्या वरची, ३२ जीबीपर्यंतची कार्डे एसडीएचसी प्रकारची असतात आणि त्यांवर फायली ठेवण्याची मांडणी फॅट३२ पद्धतीची असते. त्यावरची कार्डे एसडीएक्ससी प्रकारची असतात व त्यांची मांडणी एक्सफॅट पद्धतीची असते. एसडीएक्ससी हे मानक २००९ च्या सुरुवातीला जाहीर झाले. त्यानंतरही काही काळ बाजारात आलेल्या लॅपटॉपांत जुनेच रीडर, म्हणजे कार्ड वाचणारी यंत्रे, बसवलेले असत. विंडोज ७ ला एक्सफॅट समजते, पण खाचेमागचे यंत्रच जुने असेल तर विंडोजपर्यंत धड काही पोहोचत नाही. मग विंडोजला समोर एक न समजणारी डिस्क दिसते आणि न समजणाऱ्या डिस्कवर तिला एकच उपाय सुचतो, फॉरमॅटचा. त्या संदेशाचा ‘तुमचे फोटो गेले’ असा अर्थ लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी गैरसमजूत आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय नवा यूएसबी कार्ड रीडर आणण्याचा होता. तीन-चारशे रुपयांची वस्तू, पण संध्याकाळचे आठ वाजून गेले होते आणि गावातले दुकान बंद झाले होते. दुसरा, बाजारपेठेतल्या फोटो स्टुडिओत जाऊन फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घेण्याचा. तो काकांनी ऐकूनही घेतला नाही, कारण कार्ड दुसऱ्याच्या हातात देण्याची त्यांची तयारी नव्हती. फायली परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर चालवण्याचा विचार शेजारच्या मुलाने मांडला. पण जे हरवलेलेच नाही ते शोधण्यात अर्थ नव्हता. उरला कॅमेरा सरळ केबलने लॅपटॉपला जोडण्याचा पर्याय. यात कार्ड वाचण्याचे काम कॅमेरा स्वतः करतो आणि लॅपटॉपला फक्त फोटो देतो, त्यामुळे खाच जुनी आहे की नवी हा प्रश्नच उरत नाही.

आज मागे वळून पाहता मी त्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायला सांगायला हवे होते. फोटो कार्डावर सुरक्षित होते, कोणालाही घाई नव्हती. पण स्मरणिकेचे काम सुरू करण्याची काकांची अधीरता होती आणि फोनवरून अडचण सोडवल्याचे समाधान मलाही हवे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

काय केले

केबलचीच पहिली अडवणूक झाली. कॅमेऱ्याला जुन्या घाटाची मिनी यूएसबी केबल लागते आणि घरातल्या मोबाइलच्या सगळ्या केबली मायक्रो किंवा टाइप-सी होत्या. मुलाला एका जुन्या स्पीकरची मिनी केबल सापडली, ती बसलीही, पण लॅपटॉपला काहीच दिसेना. अशा स्वस्त केबलींत पुष्कळदा फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा नसतात. शेवटी माळ्यावरच्या कॅमेऱ्याच्या खोक्यातून, हमीपत्राच्या खाली गुंडाळून ठेवलेली मूळ केबल निघाली.

कॅमेरा जोडताच विंडोजची फोटो आयात करणारी खिडकी उघडली आणि मुलाने ती सुरू करून दिली. सुमारे ३०० फोटो झाल्यावर कॅमेऱ्याची बॅटरी संपली आणि काम मध्येच तुटले. या कॅमेऱ्याची बॅटरी यूएसबीवरून चार्ज होत नाही, हे आम्ही कोणी लक्षात घेतले नव्हते. तासभर बॅटरी चार्ज करून झाल्यावर मुलाने पुन्हा फोन केला. या वेळी मी त्याला ती खिडकी वापरू नको म्हणून सांगितले. आयात चालू असताना तिच्यात ‘झाल्यावर कॅमेऱ्यातून पुसा’ अशी एक छोटी चौकट असते आणि रात्री अकरा वाजता कोणाच्या हातून तिच्यावर खूण होईल याचा नेम नसतो. त्याऐवजी कॅमेरा ‘कॉम्प्युटर’मध्ये उघड, डीसीआयएम या फोटोंच्या मुख्य फोल्डरच्या आतल्या फोल्डरमधल्या सगळ्या फायली निवड आणि ‘वारी’ फोल्डरमध्ये ओढून टाक, असे मी सांगितले. सल्ला येथपर्यंत ठीक होता.

दोन-चार सेकंदांत तो म्हणाला, “दादा, या नावाची फाइल आधीच आहे म्हणतोय. बदलू का विचारतोय.”

मी विचारले, “सगळ्यांना लागू करा, असं खाली आहे का?”

“आहे.”

“मग त्यावर टिक कर आणि बदल म्हण. मघाशी अर्धवट राहिलेल्याच आहेत त्या.”

माझी समजूत अशी होती की बॅटरी संपण्यापूर्वी उतरलेले ३०० फोटो त्याच फोल्डरमध्ये पडले आहेत आणि आता त्यांच्यावर तेच फोटो पुन्हा लिहिले जाणार आहेत, तेव्हा नुकसान काहीच नाही. वस्तुतः विंडोजच्या आयातीने ते ३०० फोटो ‘पिक्चर्स’मध्ये तारखेच्या नावाचा स्वतःचा फोल्डर करून तेथे ठेवले होते. ‘वारी’ फोल्डरमध्ये ज्या फायली होत्या त्या फलटणला उतरवलेल्या होत्या. त्यांची नावे सारखी असण्याचे कारण कॅमेऱ्यात होते. डिजिटल कॅमेरे फायलींना चार अक्षरे आणि चार अंक अशी नावे देतात आणि क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. शिवाय काकांच्या कॅमेऱ्यात क्रमांकाची निवड ‘आपोआप नव्याने’ अशी होती, म्हणजे रिकामे कार्ड घातले की मोजणी पहिल्यापासून सुरू. ‘अ’ कार्डावर ‘आयएमजी ०००१’ म्हणजे आळंदीच्या घाटावरची पहाट होती, ‘ब’ कार्डावर त्याच नावाने फलटणच्या तंबूतला पंगतीचा फोटो होता.

पाऊण तासाने काम संपले. मी शिस्तीने ताळा घ्यायला सांगितला. कॅमेऱ्यात किती फायली? २,२००. फोल्डरमध्ये किती? २,२००. दोन्ही आकडे जुळले म्हणून आम्ही निश्चिंत झालो. या प्रकरणातली मला आजही बोचणारी जागा हीच आहे. फोल्डरमध्ये आधीच ८२० फोटोंच्या १,६४० फायली होत्या. नव्या २,२०० मिळवल्यावर तेथे ३,८४० दिसायला हव्या होत्या. आकडे जुळणे हाच काहीतरी बिघडल्याचा पुरावा होता आणि आम्ही तो सगळे व्यवस्थित झाल्याचा पुरावा म्हणून वाचला.

दुसरी अडचण

आठ दिवसांनी काका फोटो निवडायला बसले, तेव्हा त्यांना दिवेघाट सापडेना. वर जाणारी पताकांची रांग त्यांनी कड्यावर उभे राहून टिपली होती आणि मुखपृष्ठासाठी तीच मनाशी धरली होती. सगळा फोल्डर पालथा घातला तरी पहिला फोटो फलटणचाच निघत होता. या वेळी मी स्वतः गेलो आणि लॅपटॉपवर बसल्यावर पाच मिनिटांत काय घडले ते उमगले. ते काकांना सांगायला मात्र अर्धा तास लागला.

दोन गोष्टी नशिबाने बऱ्या होत्या. ‘ब’ कार्ड काकांनी कोणाचेही न ऐकता तसेच ठेवले होते. आणि ‘अ’ कार्ड, ज्यावर एकादशीचे १४० फोटो होते, ते अजून उतरवलेलेच नव्हते. कॅमेरा कपाटात पडून होता आणि कार्ड त्यातच होते.

येथे पुन्हा निर्णय करायचा होता. कॅमेऱ्यात केलेले साधे फॉरमॅट फक्त कार्डाची अनुक्रमणिका कोरी करते. फोटो जागच्या जागी पडून राहतात, त्यांच्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत. काही कॅमेऱ्यांत खोलवर पुसणाऱ्या फॉरमॅटचा वेगळा पर्याय असतो. काकांनी तो निवडलेला नव्हता. म्हणजे ‘अ’ कार्डावर फलटणपूर्वीचे फोटो अजून असण्याची शक्यता होती, फक्त एकादशीच्या १४० फोटोंनी जेवढी जागा व्यापली तेवढे वगळून. मोठ्या शहरातील डेटा परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिकाकडे कार्ड पाठवण्याचा पर्याय होता. पण कार्ड शाबूत होते, तुटलेले वा जळलेले नव्हते. अशा वेळी तो जे करील तेच घरी करता येते, असे माझे मत पडले. अट एकच होती, कार्डावर एक अक्षरही नव्याने लिहिले जाता कामा नये.

कार्ड लॉक केले, नवा रीडर आणला आणि आधी एकादशीचे १४० फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवले. मग संपूर्ण ३२ जीबी कार्डाची जशीच्या तशी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करून घेतली, म्हणजे पुढची खटपट प्रतीवर करता येईल आणि मूळ कार्ड बाजूला राहील. त्या प्रतीवर फोटोरेक हे विनामूल्य सॉफ्टवेअर चालवले. ते अनुक्रमणिकेकडे पाहतच नाही. जेपीईजी आणि रॉ फायलींची सुरुवात ज्या ठरावीक खुणेने होते ती खूण शोधत कार्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. त्यामुळे फायली मिळतात, पण त्यांची नावे मिळत नाहीत. लॅपटॉपच्या डिस्कवरही असाच शोध घेतला. मात्र आठ दिवसांत तिच्यावर सिनेमे उतरवले गेले होते आणि उपयोगाचे काही निघाले नाही.

निष्पत्ती

८२० पैकी ६८२ फोटोंच्या जेपीईजी मिळाल्या. त्यांतले ११ फोटो खालच्या निम्म्यात राखाडी झालेले होते. काका वाटेत नावडते फोटो पुसत गेले होते, त्या मोकळ्या फटींत पुढच्या काही फायली तुकड्यातुकड्यांनी साठल्या होत्या आणि असे तुकडे जोडणे त्या सॉफ्टवेअरला जमत नाही. त्या ११ पैकी सहांच्या रॉ फायली मात्र पूर्ण निघाल्या आणि त्यांवरून नव्या जेपीईजी करता आल्या. एकूण ६७७ फोटो हाती आले, १४३ गेले.

गेलेले फोटो कुठले, हे कळायला वेळ लागला नाही. नव्याने फॉरमॅट झालेल्या कार्डावर कॅमेऱ्याने एकादशीचे फोटो अगदी सुरुवातीच्या जागेपासून लिहिले होते आणि तेथेच वारीचे पहिले फोटो होते. चंद्रभागेच्या वाळवंटाने आळंदीचे प्रस्थान पुसले. दिवेघाट थोडक्यात बचावला, कारण तो पुण्याच्या मुक्कामानंतरचा होता.

मिळालेल्या फायलींची नावे निरर्थक आकड्यांची होती, पण प्रत्येक फोटोच्या पोटात तो काढल्याची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर होते. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने त्या वेळेप्रमाणे सगळ्या फायलींना नावे दिली आणि क्रम पुन्हा लागला. घड्याळ चुकीचे असते, बॅटरी बरेच दिवस काढून ठेवलेल्या कॅमेऱ्यात ते पुष्कळदा असते, तर हे काम कित्येक दिवसांचे झाले असते.

वेगळे काय करता आले असते

या प्रकरणात एकच एक चूक नव्हती. तीन निर्णय एकमेकांवर रचले गेले आणि त्यांतला कोणताही एक वेगळा असता तरी एकही फोटो गेला नसता.

फलटणला ‘अ’ कार्ड फॉरमॅट करण्याची गरजच नव्हती. काकांकडे ६४ जीबीचे संपूर्ण रिकामे कार्ड होते. ‘उतरवले, आता मोकळे करून ठेवू’ ही सवय, कार्डे महाग होती त्या काळातली आहे. लॅपटॉपवरची एकुलती एक प्रत तयार होताच मूळ नष्ट करण्यात आले, आणि त्या क्षणापासून सगळी भिस्त डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरवर आली. मुलाने फलटणलाच एका पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत केली असती तर पुढचा सारा खटाटोप टळला असता. काकांना मी दोष देत नाही. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत फॉरमॅटची रीत असते, पण फॉरमॅट केव्हा करू नये हे सहसा ठळकपणे लिहिलेले नसते.

दुसरा निर्णय सगळे एकाच फोल्डरमध्ये टाकण्याचा. कार्डागणिक किंवा मुक्कामागणिक वेगळा फोल्डर केला असता तर नावांची टक्कर झालीच नसती आणि मला तो चुकीचा सल्ला देण्याची संधीही मिळाली नसती. कॅमेऱ्यात क्रमांकाची निवड ‘सलग’ अशी करून ठेवली असती तरी हेच साधले असते, निदान ९९९९ फोटोंपर्यंत.

तिसरा माझा. ‘या नावाची फाइल आधीच आहे’ असे यंत्र सांगते तेव्हा ते सोबत दोन्ही फायलींची तारीख आणि आकारही दाखवते. मी मुलाला एवढेच विचारायला हवे होते की दोन्हींची तारीख वाचून दाखव. त्याने वाचली असती तर एक तारीख आळंदीची आणि एक फलटणची निघाली असती. तेही नको, तर संशय आला की ‘दोन्ही ठेवा’ म्हणायचे. फार तर दुबार फायली झाल्या असत्या आणि त्या सावकाश निस्तरता आल्या असत्या. फोनवरून दुसऱ्याच्या पडद्याविषयी बोलताना मी तो पडदा मनानेच रंगवला, आणि मनातल्या पडद्यावर माझ्या सोयीचे तेवढेच दिसले.

पुढच्या वर्षी काकांनी ३२ जीबीची चार कार्डे घेतली, कारण ती जुन्या खाचेतही वाचली जातात आणि एखादे बिघडले तरी चौथाईच जाते. प्रत्येक कार्डाच्या डबीवर ते पेनाने मुक्कामांची नावे लिहितात. भरलेले कार्ड लगेच लॉक होते आणि दिवाळीपर्यंत फॉरमॅट होत नाही. लॅपटॉपबरोबर आता एक बाहेरची हार्ड डिस्कही घरात आली आहे.

जुन्या वर्षाच्या फोल्डरमध्ये ‘०१ आळंदी’ नावाचा एक उपफोल्डर आहे. त्यात नऊ फोटो आहेत, फलटणहून मुलाने व्हॉट्सअॅपवर पाठवलेले, आकार घटलेले. त्यांतल्या एकात पालखी देऊळवाड्यातून बाहेर पडते आहे. स्मरणिकेत तो पाव पानापेक्षा मोठा छापता आला नाही.